पेरूचे दोन पूल

पेरू म्हटल्याबरोबर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें देश उभा राहत नाहीं, फळ उभें राहतें. आणि तेंही तिखटमीठ लावलेलें. ह्या फळास हें नांव पोर्तुगीजांच्या 'पेरा' शब्दावरून मिळालें असें कोणी म्हणतात, देशावरून मिळालें असें कोणी म्हणतात. फळाचा वाद आपण कोशकारांवर सोंपवूं. देशाच्या नांवाची कथा मात्र त्याच देशांत जन्मलेल्या एका ग्रंथकारानें चार शतकांपूर्वीं लिहून ठेविली आहे. स्पॅनिश खलाशांनीं किनाऱ्याजवळ मासे धरीत असलेल्या एका माणसास पकडलें आणि खुणांनीं व शब्दांनीं विचारलें, 'हा देश कोणता?' त्या बिचाऱ्यास वाटलें, आपलें नांव विचारीत आहेत. तो म्हणाला, 'बेरू.' मग वाटलें, आपण कोठें होतों तें विचारीत असतील. तो म्हणाला, 'पेलू', म्हणजे नदींत. विचारणारांनीं दोन्ही उत्तरांचें कडबोळें केलें आणि एका अफाट देशास तें नांव कायमचें चिकटवून दिलें. इन्का गार्सिलासो द ला वेगा ह्यानें सांगितलेली ही कथा इतिहासपंडित जशीच्या तशी खरी मानीत नाहींत. तरी पेरूवरील प्रत्येक प्रवास-मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर ती छापावी असें आम्हांस वाटतें. प्रश्न विचारणारा घाईंत असला आणि उत्तर देणाऱ्याची भाषा त्यास येत नसली, म्हणजे नकाशावर काय उमटतें, हें तिजवरून उत्तम कळतें.

हा लेख लिहिण्याचें निमित्त असें झालें कीं, आमचे एक स्नेही येत्या वर्षीं सपत्नीक त्या देशीं जाणार आहेत. त्यांनीं तीन मार्गदर्शिका विकत घेतल्या, वाचल्या, आणि आमच्या मेजावर आणून टाकून विचारलें, 'ह्यांतली कोणती बरोबर नेऊं?' आम्ही स्वतः त्या देशीं गेलेलों नाहीं. आमचा तेथील सर्व प्रवास पुस्तकांतला. तेव्हां वाट दाखविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु पुस्तक कसें आहे हें सांगण्याचा धंदाच पत्करला असल्यामुळें तेवढें करणें भाग आहे.

मार्गदर्शिका निरुपयोगी आहेत असें नव्हे. आगगाडी कोठून सुटते, माचू पिक्चूच्या तिकिटावर पासपोर्टांतलें नांव व क्रमांक अक्षरशः जुळावा लागतो, प्रवेशाची वेळ आणि आंत फिरण्याची वाट दोन्ही आधींच ठरवून घ्यावीं लागतात, हें सर्व त्या चोख सांगतात. आमची तक्रार निराळी आहे. तिघींचीही पहिलीं पानें उघडून पाहावीं: 'हरवलेलें', 'लुप्त', 'गूढ' हीं विशेषणें तेथें दाटीवाटीनें बसलेलीं. जणूं सारा देश म्हणजे एक मोठा पडका वाडा; आणि त्या वाड्यांत जीं माणसें आज नांदतात, तीं केवळ छायाचित्राच्या सोयीसाठीं रंगीत वस्त्रें नेसून, लामाची दोरी हातीं धरून, कोपऱ्यांत उभीं केलेलीं. ही दृष्टि आली कोठून, हें शोधूं गेल्यास दोन इंग्रजी पुस्तकांपाशीं येऊन थांबावें लागतें. दोन्ही अमेरिकन लेखकांचीं, दोन्ही वाचनीय, आणि दोन्ही आपापल्या परीनें दिशाभूल करणारीं.

पहिलें हायरम बिंगहॅम ह्याचें. येल विद्यापीठाचा हा अध्यापक २४ जुलै १९११ रोजीं माचू पिक्चूवर चढला, आणि १९४८ सालीं त्यानें त्या चढाईची कथा 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज्' ह्या पुस्तकांत सांगितली. कथा सांगण्याची हातोटी त्यास होती यांत संशय नाहीं. पावसाची रिपरिप चालू आहे. बरोबरच्या सृष्टिशास्त्रज्ञास नदीकाठचीं फुलपाखरें सोडवत नाहींत, शस्त्रवैद्यास कपडे धुवावयाचे आहेत. तेव्हां हा एकटाच मेल्चोर आर्तेआगा नांवाच्या शेतकऱ्यास एक सोल मजुरी कबूल करून, एका शिपायाबरोबर निघतो. उरुबांबा नदीवर वेलींनीं बांधलेल्या ओंडक्यांचा पूल आहे. आर्तेआगा आणि शिपाई अनवाणी पायांनीं तो सहज ओलांडतात. अध्यापकमहाशय हातांगुडघ्यांवर रांगत, वीतभर वीतभर सरकत पलीकडे जातात. हा प्रसंग त्यानें स्वतःच मोकळेपणानें लिहिला आहे, आणि पुस्तकांतलीं आम्हांस आवडलेलीं पानें हींच.

पण वर पोंचल्यावर काय होतें पाहा. तेथें दोन-तीन शेतकरी कुटुंबें राहत आहेत. इन्कांच्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत त्यांचीं पिकें उभीं आहेत. तीं पाहुण्यास तुंब्यांतून थंड पाणी आणि उकडलेलीं रताळीं देतात, आणि एका लहान पोरास वाटाड्या म्हणून देतात. त्या पोराच्या मागोमाग जाऊन बिंगहॅम 'हरवलेलें' नगर शोधून काढतो! ज्या जागेची वाट शाळकरी वयाच्या मुलास पाठ आहे ती जागा हरवली कोणाची? शिवाय तेथील भिंतीवर १९०२ हें साल आणि लिसार्रागा हें नांव लिहिलेलें होतें. आगुस्तिन लिसार्रागा हा त्याच खोऱ्यांतला गृहस्थ, आणि बिंगहॅमनें आपल्या १९११ च्या टिपणवहींत शोधक म्हणून त्याचेंच नांव टिपलें होतें. पुढें कीर्ति वाढत गेली तशी त्या टिपणाची जागा अडचणीची झाली, आणि जगानें जी कथा ऐकली तींत शोधक एकच उरला. ह्या नगरास इन्कांची शेवटची राजधानी विल्काबांबा ठरविण्यांतही बिंगहॅम चुकला. ती राजधानी खालच्या रानांत एस्पिरितु पाम्पा येथें होती. माचू पिक्चू हें पाचाकुती इन्काचें पंधराव्या शतकांतलें विश्रांतिस्थान असें आज विद्वान मानतात. तेथून येल विद्यापीठांत नेलेल्या वस्तू पेरूस परत मिळावयास मात्र २०११-१२ सालें उजाडावीं लागलीं. मार्गदर्शिका ह्यांतल्या चुका दुरुस्त करतात, तळटीपहि देतात. परंतु 'हरवलेलें' हें विशेषण कांहीं सोडवत नाहीं. त्यावरच तिकीट खपतें.

दुसरें पुस्तक ह्याहून फार वरच्या दर्जाचें, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगें आहे. थॉर्न्टन वाइल्डर ह्याची 'द ब्रिज ऑफ सान लुइस रे' ही कादंबरी १९२७ सालीं निघाली, आणि पुढल्या वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. १७१४ सालच्या जुलैंत लिमा आणि कुस्को यांच्यामधील वाटेवरचा एक झुलता पूल तुटतो आणि पांच माणसें दरींत पडतात. हीं पांचच कां, ह्या प्रश्नाचा ध्यास घेऊन एक पाद्री त्या पांचांचीं आयुष्यें धुंडाळूं लागतो. कादंबरी लहान आहे, भाषा निथळ आहे, आणि ईश्वरी योजनेचा प्रश्न इतक्या संयमानें हाताळलेला क्वचितच आढळेल. वाइल्डरनें ती लिहिली तेव्हां त्यानें पेरू पाहिलाहि नव्हता. आम्हीहि तो पाहिलेला नसल्यामुळें ह्या कारणासाठीं त्यास दोष देणार नाहीं. कल्पनेनें देश पाहण्याचा कादंबरीकारास हक्कच आहे.

दोष आहे तो निराळा, आणि तो पहिल्याच पानावर आहे. हा पूल इन्कांनीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं वेताच्या फोकांनीं विणला होता, आणि तो कायम टिकणाराच असें सारे धरून चालले होते, असें वाइल्डर सांगतो. वेताचा, गवताचा पूल शंभर वर्षें! ज्यानें असा पूल एकदां विणला आहे, तो हें वाक्य वाचून हंसेल. पाऊस, ऊन आणि वाहतूक यांच्या माऱ्यांत असा पूल एक-दोन वर्षांहून अधिक भरवंशाचा राहत नाहीं. तो पुनःपुन्हां विणावा लागतो, आणि विणला जात होता म्हणूनच पिढ्यान् पिढ्या राहिला. तेव्हां त्या खोऱ्यांतल्या एखाद्या केचुआ शेतकऱ्याच्या हातीं ही कादंबरी दिली, तर 'हीं पांच माणसें कां मेलीं?' ह्या गहन प्रश्नापूर्वीं तो अगदीं साधा प्रश्न विचारील: 'यंदा पूल विणण्याची पाळी कोणाची होती, आणि ते आले कां नाहींत?' पाद्रीबुवांस हा प्रश्न सुचत नाहीं, कारण लेखकास सुचला नाहीं. लेखकास सुचला नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें इन्का हे पूल बांधून मरून गेलेले लोक होते. एवढ्या सुंदर कादंबरीच्या मुळाशीं हा भ्रम असावा, ह्याचें आम्हांस खरोखर वाईट वाटलें.

हें आम्ही तर्कानें म्हणत नाहीं. तसा एक पूल आजहि आहे. कुस्कोच्या दक्षिणेस, मोटारीनें तीन-चार तासांच्या वाटेवर, केवे नांवाच्या गांवाजवळ अपुरिमाक नदीच्या घळींत सुमारे २८ मीटर लांबीचा 'केस्वाचाका' झुलतो. तो सर्वस्वीं गवताचा आहे. 'इचू' नांवाचें उंच पठारावरचें चिवट गवत कापून, भिजवून, ठेचून घरोघरीं त्याच्या बारीक दोऱ्या वळतात. दोऱ्यांचे दोर, दोरांचे मांडीएवढे जाड दोरखंड होतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत चार गांवांचे लोक दोन्ही काठांवर जमतात. आधीं पुरोहित पृथ्वीमातेस आणि डोंगरदेवांस नैवेद्य दाखवितो. मग नवे मुख्य दोरखंड ओढून पलीकडे नेतात, जुना पूल कापून खालीं नदींत सोडून देतात, आणि पूल विणण्याची विद्या वडिलांकडून शिकलेले कारागीर दोन्ही टोंकांकडून अधांतरीं बसून कठडे विणीत मध्यावर येऊन भेटतात. तीन दिवस हें काम, आणि मग खाणेंपिणें व नाच. दोऱ्या वळण्याचें काम बव्हंशीं बायकांचें. परंतु विणकाम चालू असतां त्यांनीं पुलावर येऊं नये अशी रूढि आहे. २०१३ सालीं युनेस्कोनें ह्या विद्येस मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

ह्यांतली गंमत अशी कीं, पुलाची गरज राहिलेली नाहीं. शेजारींच वाहनांसाठीं लोखंडी पूल आहे. तरी दरसाल गवत कापलें जातें. २०२० सालीं महामारीमुळें गांवकरी जमूं शकले नाहींत. पूल जुनाच राहिला आणि मार्च २०२१ मध्यें तुटून नदींत पडला. कोणी पाद्री चौकशीस गेला नाहीं. त्याच जूनमध्यें लोक पुन्हां जमले आणि त्यांनीं तो विणला. वाइल्डरच्या कादंबरीस ह्याहून अधिक मार्मिक उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तें देणारांपैकीं कितीजणांनीं ती वाचली असेल ह्याची शंकाच आहे.

ह्या सामुदायिक श्रमास केचुआ भाषेंत 'आयनी' म्हणतात. आज मी तुझ्या शेतांत राबेन, उद्यां तूं माझ्या शेतांत राब. मार्गदर्शिका ह्या शब्दावर फार गहिंवरतात. त्यास 'विश्वाशीं असलेली देवाणघेवाण' वगैरे म्हणून एक तत्त्वज्ञानच करून टाकतात. मराठी वाचकानें गहिंवरण्याचें कारण नाहीं. आपला शेतकरी ज्यास 'सावड' म्हणतो, तीच ही. आमच्या मतें आयनी समजावयास इंग्रजी वाचणाऱ्यास एक प्रकरण लागतें, मराठी वाचणाऱ्यास एक शब्द पुरतो. आमच्याकडील पदवीधरांपैकीं कितीकांस तो शब्द ठाऊक आहे, हें न विचारलेलें बरें.

आतां बरोबर न्यावयाच्या पुस्तकाकडे वळूं. आमची पहिली शिफारस ज्यानें नांवाची कथा सांगितली त्या गार्सिलासोची. हा १५३९ सालीं कुस्को येथें जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई चिम्पू ओक्लो ही इन्का राजकुळांतली. एकविसाव्या वर्षीं तो स्पेनला गेला तो परत आलाच नाहीं. म्हातारपणीं, आईच्या भाषेंत ऐकलेल्या गोष्टी त्यानें बापाच्या भाषेंत लिहिल्या, आणि 'कोमेन्तारियोस रेआलेस' ह्या नांवानें त्यांचा पहिला भाग १६०९ सालीं लिस्बन येथें छापला गेला. स्पॅनिश इतिहासकारांस केचुआ येत नव्हतें म्हणून त्यांनीं काय काय विपरीत ऐकलें, हें तो जागोजागीं मोठ्या विनयानें आणि तितक्याच बोंचक रीतीनें दाखवितो. अपुरिमाकवरच्या झुलत्या पुलाचे दोरखंड कसे वळतात हेंहि त्यानें सांगितलें आहे. तें पान वाइल्डरच्या हातीं पडलें नसावें.

ह्या ग्रंथावर आंधळा विश्वास ठेवूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. आईच्या कुळाचा अभिमान त्याच्या लेखणींतून ओसंडतो. त्याच्या मतें इन्कांपूर्वींचे लोक केवळ रानटी, आणि इन्का नरबळी देत नसत. दोन्ही विधानें आज टिकत नाहींत. लिमाच्या उत्तरेस कारालची वसाहत इसवी सनापूर्वीं अडीच हजार वर्षांच्याहि आधींची आहे. आणि आम्पातो पर्वताच्या बर्फांत १९९५ सालीं सांपडलेली बळी दिलेली मुलगी आज आरेकिपा येथील संग्रहालयांत आहे. स्नेह्यांनीं ती पाहावी, आणि ग्रंथकारास मनांतल्या मनांत जाब विचारावा. तरीहि ग्रंथ मोठाच. १७८०-८१ सालीं दुसऱ्या तुपाक आमारूनें स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड उभारलें. तें मोडल्यावर सरकारनें १७८२ सालीं ज्या गोष्टी जप्त करण्याचा हुकूम काढला, त्यांत मृत ग्रंथकाराचें हें पुस्तकहि होतें. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं छापलेल्या पुस्तकाचें राजास भय वाटावें, ह्याहून मोठी समीक्षा कोणती?

ह्याच पुस्तकानें पुढें आणखी एक नवल केलें. २४ जूनला कुस्को येथें 'इन्ती राय्मी' हा सूर्याचा उत्सव होतो. त्यास लोटणारी गर्दी पाहून तो शतकानुशतकें अखंड चालत आला आहे असें वाटतें. तसें नाहीं. स्पॅनिश अंमलांत तो बंद पडला होता. १९४४ सालीं कुस्कोच्या विद्वानांनीं व कलावंतांनीं गार्सिलासोचें वर्णन पुढें ठेवून तो नाट्यरूपानें पुन्हां उभा केला. चिकित्सक प्रवासी हें कळतांच नाक मुरडतात आणि 'हें तर नाटक' म्हणून निघून जातात. आम्हांस हा न्याय पसंत नाहीं. पूल दरसाल नवा विणला म्हणून खोटा ठरत नसेल, तर उत्सवच कां ठरावा? साक्सायवामान किल्ल्यावरचीं बसण्याचीं तिकिटें महाग असतात खरीं. पण सोहळ्याचा आरंभ कोरिकांचापाशीं आणि पुढचा भाग शहराच्या चौकांत होतो, तो उभ्याउभ्या पाहतां येतो.

दुसरी शिफारस खरें म्हणजे पुस्तकाची नव्हे, चित्रांची. वामान पोमा द आयाला ह्या केचुआ गृहस्थानें १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजास सुमारे बाराशें पानांचें एक पत्र लिहिलें, आणि त्यांत शेंकडों रेखाचित्रें काढलीं. राजानें तें वाचल्याची खूण नाहीं. १९०८ सालीं तें कोपनहेगन येथील ग्रंथालयांत सांपडलें, आणि आतां त्या ग्रंथालयाच्या कृपेनें कोणासहि घरबसल्या चाळतां येतें. भाषा ओबडधोबड, स्पॅनिशमध्यें केचुआ मिसळलेली. पण चित्रें बोलकीं. कोणत्या महिन्यांत नांगरणी, कोणत्या महिन्यांत पेरा, कोणत्या महिन्यांत बटाट्यांची काढणी; खाणींत मजुरांचे हाल कसे होतात, पाद्री काय काय करतात; आणि इन्कांच्या राज्यांतला पुलांवरचा अधिकारी, झुलत्या पुलाशेजारीं उभा! पुलांसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमणाऱ्या राज्यांत पूल शंभर वर्षें तसाच टांगलेला राहील काय? शेवटीं शेवटीं वामान पोमानें स्वतःसहि रेखाटलें आहे. म्हातारा, काठी टेंकीत, मुलगा आणि कुत्रे बरोबर घेऊन डोंगरांतून पायीं चाललेला. पेरूच्या प्रवाशाचें इतकें सच्चें चित्र कोणत्याहि मार्गदर्शिकेंत नाहीं.

अर्वाचीनांत नेरुदाचें नांव सर्वांच्या ओठीं असतें. चिलीचा हा कवि १९४३ सालीं माचू पिक्चूस गेला, आणि दगडांची स्तुति करतां करतां ते वाहणारीं उपाशी माणसें कोठें आहेत असें त्यानें त्या दगडांसच विचारलें. तें दीर्घ काव्य थोर आहे. पण ह्या काव्यांतहि माणूस मेलेलाच आहे, कवि त्यास जागें व्हावयास सांगतो. आमचें मन अधिक रमतें तें होसे मारिया आर्गेदासच्या १९५८ सालच्या 'लोस रिओस प्रोफुन्दोस' ह्या कादंबरींत. केचुआ चाकरमाणसांत वाढलेल्या ह्या लेखकाचा बालनायक रात्रीं बापाबरोबर कुस्कोंत येतो आणि इन्कांच्या भिंतीवर हात ठेवतो. दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवतांना ती भिंत त्यास पुरांतल्या नदीसारखी वाहती वाटते. ह्या मुलास कांहीं हरवलेलें सांपडत नाहीं. तो जिवंत वस्तूस स्पर्श करतो. १९५० च्या भूकंपांत कुस्कोंतलीं चर्चें व स्पॅनिश इमारती ढांसळल्या आणि खालच्या इन्का भिंती उभ्या राहिल्या, हें वाचल्यावर त्या मुलाचें म्हणणें कविकल्पना वाटत नाहीं. (आज त्या भिंतींस हात लावण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. डोळ्यांनीं सांधे मोजावे.)

नेरुदाचा प्रश्न मात्र प्रवाशानें एका ठिकाणीं आठवावाच. माचू पिक्चूस पायवाटेनें चार दिवस चालत जातात, त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांसच परवाना मिळतो. आणि त्यांत निम्म्याहून अधिक हमाल, आचारी व वाटाडे असतात. २००१ सालच्या कायद्यानें हमालाच्या पाठीवर २० किलोंहून अधिक ओझें घालण्यास बंदी केली. अशा कायद्याची गरज पडली ह्यांतच सर्व आलें. स्वस्त कंपनी निवडण्यापूर्वीं तिचे हमाल कोठें निजतात आणि काय जेवतात हें विचारावें. दगड कोणीं वाहिले हा प्रश्न पाचाकुतीस विचारणें सोपें; आपला तंबू कोण वाहतो, हा स्वतःस विचारावा लागतो.

व्यवहाराच्या गोष्टी स्नेह्यांस तोंडीं सांगितल्याच आहेत, तरी त्या दिशेनें जाणाऱ्या इतर वाचकांसाठीं थोड्यांत लिहितों. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसुबाईच्या दुपटीहून उंच. लिमाहून विमानानें तासा-सव्वातासांत तेथें उतरणें म्हणजे कळसुबाईवर कळसुबाई ठेवून तिच्या डोक्यावर एकाएकीं उभें राहणें. डोकें दुखतें, मळमळतें, झोप लागत नाहीं. ह्यास तेथें 'सोरोचे' म्हणतात. माचू पिक्चू मात्र कुस्कोहून हजारभर मीटर खालीं, २,४३० मीटरांवर आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेव्हां उतरल्या दिवशींच मोटार करून खालच्या खोऱ्यांत ओलान्तायताम्बो किंवा उरुबांबा येथें मुक्कामास जावें, माचू पिक्चू आधीं पाहावें, आणि कुस्को शेवटीं ठेवावें. पहिले दोन दिवस सावकाश चालावें, थोडें जेवावें, मद्य वर्ज्य करावें. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा विकार असल्यास निघण्यापूर्वीं वैद्यास विचारावें. कोकाच्या पानांचा काढा तेथें घरोघर देतात आणि त्यास कायद्याची आडकाठी नाहीं. पण तीं पानें आठवण म्हणून पेटींत घालूं नयेत, आपल्या देशांत तो गुन्हा आहे. मे ते सप्टेंबर डोंगरांत कोरडे दिवस, पण रात्री कडाक्याच्या. डिसेंबर ते मार्च पाऊस, आणि फेब्रुवारींत ती पायवाट बंद असते. लिमाचें उलट: डोंगरांत ऊन असतें त्याच महिन्यांत तेथें धुक्याची राखाडी चादर आठवडेच्या आठवडे हालत नाहीं.

शाकाहारी मंडळी खाण्याविषयीं फार भितात. त्यांस एवढेंच विचारतों कीं, आपल्या एकादशीच्या ताटांत काय काय असतें? बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदहि. सगळे दक्षिण अमेरिकेकडचे पाहुणे. राजगिऱ्याचें सख्खें भावंड 'किविचा' कुस्कोच्या बाजारांत लाडवांसारखें वळून विकतात. आपल्या उपासाचें ताट ज्या खंडांतून आलें तेथें आपण उपाशी राहूं ही भीति विनोदीच होय. बटाट्याच्या तर हजारों जाती तेथें आहेत, आणि पठारावरचे शेतकरी रात्रींच्या हिंवांत गोठवून, दिवसां उन्हांत वाळवून, पायांनीं तुडवून त्यांचा 'चुन्यो' करतात, तो वर्षानुवर्षें टिकतो. आमच्या बटाट्याच्या वाळवणास ही विद्या ठाऊक नाहीं. सूपांत मांसाचा रस आहे काय, हें मात्र प्रत्येक वेळीं विचारून घ्यावें.

लिमाविषयीं मार्गदर्शिकांत खाणावळींची नामावळीच असते. आम्ही एका माणसाचेंच नांव सांगतों. १८८१ सालीं चिलीच्या सैन्यानें लिमा घेतलें आणि राष्ट्रीय ग्रंथालय लुटलें. तह झाल्यावर तें पुन्हां उभारण्याचें काम रिकार्दो पाल्मा ह्या गोष्टीकारावर आलें. त्यानें देशोदेशींच्या ग्रंथकारांस, विद्वानांस पत्रें लिहून पुस्तकें मागितलीं; लोक त्यास 'भिकारी ग्रंथपाल' म्हणूं लागले आणि त्यासहि तें नांव भूषण वाटलें. १९४३ सालीं आगींत त्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. पुन्हां पुस्तकें जमविलीं. पाल्माच्या 'त्रादिसियोनेस पेरुआनास' मधल्या चुरचुरीत कथांपैकीं दहावीस जरी वाचल्या तरी लिमाच्या जुन्या गल्ल्यांत दिवस कंटाळवाणा जाणार नाहीं.

स्नेह्यांनीं हें सर्व ऐकून घेतलें. गार्सिलासोचा इंग्रजी अनुवाद जाड आहे म्हणून त्यांनीं कुरकुर केली; आर्गेदास मात्र त्यांच्या सौभाग्यवतींनीं तत्काळ उचलला. एका मार्गदर्शिकेंतलीं आगगाडीचीं व दवाखान्यांचीं पानें तेवढीं फाडून बरोबर न्यावीं, असें ठरलें. पुलाचें विणकाम पाहण्यास त्यांस फार आवडलें असतें. परंतु त्यांच्या सुट्टीचा महिना ऑगस्ट, आणि विणकाम जूनमध्यें. आम्ही त्यांस म्हटलें, ऑगस्टमध्यें पूल दोन महिन्यांचा असेल, गवत अजून पिवळेंधमक असेल. पलीकडे जाऊन यावें, आणि सोमवारीं जावें कीं शुक्रवारीं हें केवे येथील माणसांसच विचारावें, सावकाश.